पाठमोरा मनोहर

मनोहर खडतकर लोकांकडे पाठ करून गातो. गातो म्हणजे ओरडतो, पण ते नंतर. गाणाऱ्याने ऐकणाऱ्यांकडे तोंड करावं, निदान ज्याने बोलावलं त्या मंडळाच्या अध्यक्षाकडे तरी एकदा बघावं, अशी आमच्या वर्ध्याच्या नालवाडीची साधी समजूत. मनोहरने पहिल्याच कार्यक्रमात, आमच्या गणपतीत, ती मोडीत काढली. आधी वाटलं, पोरगं भाविक आहे, बाप्पाकडे तोंड केलंय. पण बाप्पा तर उजव्या हाताला होते. सबंध वेळ आम्ही त्याचा घामाने भिजलेला शर्ट पाहिला.

मी शेजारी, त्यातून शाळामास्तर. दुसऱ्या दिवशी विचारलंच, "मनोहर, लोकायले पाठ काऊन दाखवतो रे?"

"सर, पब्लिकले काई समजत नाई."

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. नळाला पाणी नाही आलं, निवडणुकीचा निकाल लागला, भाजीत मीठ कमी पडलं, की हेच. तो एका सरकारी कचेरीत लिपिक होता आणि तिथेही त्याने टेबल भिंतीकडे तोंड करून लावलं होतं. दाखला मागायला आलेला माणूस त्याच्या मानेशी बोलायचा.

नव्वदीतली गोष्ट. वर्ध्यातली इतर पोरं ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी म्हणून लग्नं गाजवत होती, तेव्हा या शहाण्याने चौघांचा बँड काढला. नाव ठेवलं 'भारनियमन'. गिटार वाजवायला दोन ठोंबरे बंधू, ड्रम बडवायला हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधला रुपराव, आणि पाठ दाखवायला मनोहर. त्यांच्या मुख्य गाण्यात शब्द एकच होता, "काऊन?" तो सात-आठ मिनिटं चालायचा. उत्तर शेवटपर्यंत यायचं नाही.

"हे कोणतं संगीत आहे बाबा?" मी विचारलं.

"पोस्ट-पंक. पंक म्हणजे राग, सर. पोस्ट-पंक म्हणजे राग आला, पण करता काईच येत नाई."

या हिशेबाने आमची सगळी स्टाफरूम पोस्ट-पंक होती. फक्त आम्ही त्याचे कार्यक्रम करत नव्हतो.

रुपराव तर मनोहरच्याही वरचढ. रविवारी सरावाला यायचा. मी ओट्यावरून चहाला हाक मारायचो, तर हा मान वळवायचाही नाही, सरळ निघून जायचा. एक पाठ दाखवतो, दुसरा हाकेला ओ देत नाही. कलाकार! तीन कार्यक्रमांत बँड संपला. थोरला ठोंबरे नागपूरला टाइल्स विकू लागला, धाकटा पुण्याला गेला, आणि नालवाडीने सुटकेचा निःश्वास सोडला.

पण त्या गणपतीत एक माणूस टाळ्या वाजवत होता. पीटर नावाचा बेल्जियमचा पोरगा, सेवाग्रामला सूत कातायला शिकायला आलेला. सूत किती काढलं देव जाणे, पण त्याने तो गोंगाट टेप केला, मनोहरच्या पाठीचा फोटो काढला आणि दोन्ही मायदेशी नेलं. तिकडे टेपवरून टेप निघत गेल्या. बारा-चौदा वर्षांनी त्याचा फोन आला. तिकडे यांचं म्हणे भक्तमंडळच झालं होतं. बँड पुन्हा जुळवा, बेल्जियमला या, विमानाचं आम्ही बघतो. लोक तिकीट काढून ऐकणार होते. युरोपचे लोक हुशार असतात, असा माझा तोवर समज होता.

ठोंबरे बंधू धावत आले. मनोहरच्या अंगणात बैठक बसली, मीही जाऊन बसलो. थोरला म्हणाला, "रुपराव ताल चुकवते. आता तं लईच. आपण तिकडचा ड्रमवाला घेऊ."

"रुपराव नाई तं मी नाई," मनोहर म्हणाला.

"अबे, जिंदगीत एकदा विमान भेटून राह्यलं, अन् त्याच्यापायी सोडाचं?"

"सोडाचं."

मी ठोंबऱ्यांची बाजू घेतली. मनोहरने उठून माझ्याकडे पाठ केली. महिनाभर अबोला चालला. शेवटी बंधूंनीच हात टेकले, कारण बेल्जियमला हवी होती ती मनोहरचीच पाठ.

गेले, वाजवलं, आले. तिकडच्या एका पेपरने लिहिलं की, प्रेक्षकांचा इतका थोर तिरस्कार करणारा गायक युरोपने पाहिला नव्हता. मनोहरने मला ते मराठीत करून ऐकवलं. वर म्हणाला, "पाहा सर, तिथल्याही पब्लिकले काई समजत नाई."

मग पीटरने कार्यक्रमाची सीडी पाठवली. एका रविवारी दुपारी आम्ही शेजारी फुकटची करमणूक म्हणून मनोहरकडे जमलो. रुपरावही आला होता, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसला. कॅमेरा ड्रमच्या मागे लावलेला होता, त्यामुळे आम्हाला मनोहरचा गातानाचा चेहरा पहिल्यांदाच दिसला.

तो रुपरावकडे बघत होता. सारखा, डोळ्यांत तेल घालून. मानेने ताल देत होता. मधेच हात उचलून दोन बोटं वर करायचा, पंजा खाली दाबायचा, मूठ आवळायचा. मूठ आवळली की ड्रम थांबायचा. मग मनोहर असा हसायचा, की असं हसू मी त्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"हे काय करते हा?" मी विचारलं.

त्याची बायको सुनीता हळूच म्हणाली, "रुपरावभाऊले ऐकू येत नाई, सर. एक कान लहानपणीच गेलता, दुसरा जिनिंगमधी गेला. तिथं मशिनीच्या आवाजात सारेच हातानं बोलतात, म्हणून कोणाले समजलं नाई. आमच्या यायनं थ्या खुणा तिथं जाऊन शिकल्या."

"अरे, मग सांगाचं नाई काय?" मी मनोहरला म्हणालो.

"कायले? बहिरा म्हणून हसले असते त्याले. मले माजोरडा म्हणतात तं म्हणू द्या न."

मला तो माणूस त्या दुपारी पहिल्यांदा आवडला. गाणं मात्र तेव्हाही भिकारच होतं.

टीव्हीवर "काऊन?" सुरू झालं. रुपराव पडद्याकडे बघत होता, पण त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मनोहर उठला, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून त्याच्यासमोर बसला, आणि त्याच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरला. रुपरावची मान डोलू लागली. आमच्यापैकी कुणालाच आता टीव्ही दिसत नव्हता, पण सरक म्हणून कुणी म्हटलं नाही.