लव्हाळ्याचा हयातीचा दाखला

भाऊसाहेबांची बदली बायकोच्या गावी मंजूर झाली, यावर त्यांचा सोडून सगळ्या कचेरीचा विश्वास बसला. हेडक्लार्क म्हणून त्यांची उमर इकडे गेली होती, बायको तिकडे शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि संसार बहुतेक फोनवरच झाला होता. आता फक्त चार्ज द्यायचा राहिला होता.

कपाटं दिली, पंखे दिले, एक पाय आखूड असलेलं टेबल त्याच्या विटेसकट दिलं. जडवस्तूंच्या नोंदवहीत शेवटची बाब उरली: 'शोभेचा लव्हाळा, तपकिरी जातीचा, कुंडीसह, जिवंत.' चार्ज घ्यायला आलेल्या नव्या हेडक्लार्कांनी कुंडीला प्रदक्षिणा घातली.

"भाऊसाहेब, हा तर मेलाय."

"मेला नाही हो. जातच तशी आहे. जन्मापासून वाळलेला दिसतो."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावरही असाच दिसतो. साहेबांनी आणला तो त्यासाठीच. हल्ली फॅशन आहे म्हणे."

"मग जिवंत असल्याचा दाखला आणा. मेलेला माणूस असता तर एक वेळ चार्जमध्ये घेतला असता, त्याची कोणी चौकशी करत नाही."

आता भाऊसाहेबांनी लव्हाळ्याचं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. माती ओलसर ठेवा आणि वाळलेल्या पाती विंचरून काढा, असं नर्सरीवाल्याने बजावलं होतं. वाळलेल्या पाती कोणत्या, हे मात्र त्यालाही सांगता आलं नव्हतं. तेव्हा भाऊसाहेब रोज सकाळी स्वतःच्या कंगव्याने लव्हाळ्याचा भांग पाडत आणि त्याच कंगव्याने मग स्वतःचा.

दाखल्यासाठी ते कुंडी काखेत मारून निघाले. सरकारी डॉक्टर म्हणाले, नाडी असेल तरच बोला. शेतकी खात्याने हे पीक नसल्याचं कळवलं. आरोग्य निरीक्षकांनी कुंडीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"लव्हाळा ना? तुमच्या कचेरीमागच्या नाल्यावर रान माजलंय त्याचं. आम्ही तो उपटतो, दाखले देत नाही."

त्या दिवशी बायकोचा फोन आला. "अहो, निघताय कधी?"

"लव्हाळा जिवंत ठरला की."

"अगं बाई! मग नाल्यावरचा एक उपटून लावा की कुंडीत. त्याला बघून तरी कोणी मेला म्हणणार नाही."

मुख्याध्यापिकाच ती, तिचं म्हणणं खोडून काढायची भाऊसाहेबांची टाप नव्हती. त्यांनी जुना लव्हाळा नाल्यावर टाकला आणि तिथला हिरवागार ठोंब कुंडीत लावला. नव्या हेडक्लार्कांनी एकदा कुंडी पाहिली, एकदा नोंदवही पाहिली आणि थेट साहेबांना बोलावलं.

साहेब गंभीर झाले. "नोंदीत तपकिरी आहे आणि हा हिरवा पडलाय. काय दुखणं आहे याला?"

"साहेब, हिरवा म्हणजे जिवंत..."

"ते तुमचं मत झालं. उपचार करा. मूळ रंग आल्याशिवाय तुम्हाला सोडता येणार नाही."

उपचार सुरू झाले. पाणी तोडलं, कुंडी गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेवली. पण नाल्यावर वाढलेला जीव तो, सहजासहजी बरा होईना. रोज सकाळी बुंध्यातून एखादी हिरवी पात वर डोकावायची. भाऊसाहेबांना फार वाईट वाटायचं. मग बायको आठवायची, आणि ते कात्री आणायला खाली जायचे.

अखेर एकदाचा तो मुळापर्यंत वाळला. साहेबांनी पाती कुरकुरत्या असल्याची खात्री केली, समाधानाने मान डोलावली आणि शेरा मारला: 'प्रकृती पूर्ववत. जिवंत.' नव्या हेडक्लार्कांनी सही केली. भाऊसाहेब निघाले तेव्हा नाल्यावर टाकलेल्या जुन्या लव्हाळ्याला चांगलीच पालवी फुटली होती, तपकिरी. सफाईवाले तो वाळलेलं गवत म्हणून उपटत होते.

घरी पोचले तर बायकोने त्यांच्या स्वागताला खिडकीत कुंडी मांडलेली, हिरव्या लव्हाळ्याची. भाऊसाहेबांनी हातातली बॅग खाली न ठेवताच पुढे होऊन एका पातीत नख रोवलं. नख ओलं झालं.

"खरा आहे," ते म्हणाले. "छान आहे हो. अगदी प्लॅस्टिकचा वाटतो."

बायको त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग जवळ येऊन तिने त्यांच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"तपासणी कोणाच्या आदेशाने?" भाऊसाहेबांनी विचारलं.

तुम्ही हसा, हसायला कोणाची ना नाही. फक्त मागच्या खेपेला दुसऱ्याच्या दिवाणखान्यात, यजमानांची पाठ वळल्यावर, कुंडीतल्या पानाला नख कोणी लावलं होतं, तेवढं आठवून हसा.