कोळिष्टक आणि झाडण्याचा आठवडा

आमच्या श्टुटगार्टमधल्या गल्लीतील बसथांब्याला गेल्या वसंतात निसर्गाकडून शिकलेले छप्पर मिळाले. प्राध्यापक वाइडले यांनी कोळ्याच्या जाळ्याचा संगणकावर तीन वर्षे अभ्यास केला आणि यंत्राच्या हाताने काळे धागे विणून ते उभे केले. पाऊस त्यातून बिनदिक्कत खाली येतो, कारण जाळ्याला भोके असणे निसर्गाला मान्य आहे. खांबावर सूचना लागली: 'निसर्गाकडून शिका. जाळ्याला हात लावल्यास दंड.'

सप्टेंबरात एका खऱ्या कोळ्याने छपराच्या कोपऱ्यात स्वतःचे जाळे विणले. नेमका तो तळमजल्यावरच्या केशेलेबाईंचा झाडण्याचा आठवडा होता. ज्याच्या दारावर झाडूची पाटी, त्याने जिना, फुटपाथ आणि आता थांबाही लख्ख करायचा आणि शनिवारी पाटी पुढच्या दारी द्यायची, हा आमचा धर्म. बाईंच्या पायरीवर एकेचाळीस वर्षांत कुणाला काडी सापडली नव्हती. आता कोळिष्टक ठेवावे तर अब्रू जाते, काढावे तर दंड होतो. त्यांनी पालिकेला पत्र लिहिले.

पालिकेचे ग्रोत्स साहेब टॅबलेट घेऊन आले. धागा न् धागा नकाशाशी ताडून त्यांनी ठरवले, की कोपऱ्यातले जाळे नकाशात नाही, सबब ते विनापरवाना बांधकाम आहे. अशा बांधकामाला तीस दिवसांची नोटीस लागते, तोवर त्याला कुणी हात लावायचा नसतो. जाळे नोटिशीचे वजन पेलेना, म्हणून ती शेजारच्या खांबावर चिकटवली. प्राध्यापकांनीही कोन मोजून, कोळी मूळ संकल्पनेपासून भरकटल्याचा लेखी अभिप्राय दिला.

"अहो, शनिवार परवावर आलाय," केशेलेबाई म्हणाल्या. "कोळिष्टकासकट पाटी कुठल्या तोंडाने देऊ?"

"नोटीस त्याच्या नावे निघाली, म्हणजे तो रहिवासी झाला, बाई. कोपरा त्याचा. तुमच्यावर ठपका नाही."

"रहिवासी ना? मग त्याची झाडायची पाळी कधी?"

साहेबांनी नियम चाळले. कोणत्याच रहिवाशाला सूट नव्हती. शनिवारी पाटी थांब्याच्या खुंटीवर, बरोबर कोळ्याखाली टांगली गेली.

पुढच्या शनिवारी तपासणीला सगळी गल्ली जमली. कोळ्याने पहाटेच, त्याच्या जातीच्या सवयीप्रमाणे, आपले जुने जाळे गुंडाळून खाऊन टाकले होते. कोपरा लख्ख. साहेबांनी 'निर्दोष' असा शेरा मारला आणि बांधकाम मालकाने स्वतःहून पाडल्याची नोंद केली. प्राध्यापकांच्या जाळ्यात पाने, तिकिटे आणि कबुतरांची पिसे अडकली होती, पण त्याला हात लावायचा नसल्याने ती घाण ठरली नाही.

"मला एकेचाळीस वर्षांत असं कुणी लिहून दिलं नाही," केशेलेबाई म्हणाल्या. मला फार वाईट वाटले.

पाटी आता माझ्या दारावर आहे. कोळ्यानंतर झाडायचे म्हणजे लोक तुलना करणारच. तुमच्याकडे जिन्यात अशी पाटी नसते, असे ऐकतो. मग तुमचा जिना झाडते कोण? तिचे नाव तरी तुम्हाला माहीत आहे का?