दोन वावटळी आणि आईची उतरंड

"आधी माणसं मोजा!"

हा आवाज माझ्या बाबांचा. मी नऊ वर्षांचा होतो. जळकोटच्या आमच्या मातीच्या छताच्या, माळवदाच्या घरात, खाटेखाली, आईच्या कुशीत होतो. वरून माती पिठासारखी चाळली जात होती आणि अंधारातून, जरा दुरून आल्यासारखा, हा आवाज आला. दुरून का? भीतीनं माझे कान बसले असतील, असं मी पुढं तीस वर्षं धरून चाललो.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या त्या पहाटे आमच्या गल्लीतली सगळी घड्याळं चारला चार मिनिटं कमी असताना बंद पडली. भिंतीवरची निखळली, फळीवरची फुटली. आमचं गजराचं घड्याळ मात्र चालू राहिलं! उजाडलं तेव्हा बाबा अंगणात बसलेले आणि मांडीशी ते घड्याळ. टिकटिक, टिकटिक. धरणी हलली, पण ते हललं नव्हतं. आमच्या गल्लीतली माणसं सगळी वाचली, म्हणून एवढं तरी मोकळेपणानं सांगता येतं. किल्लारीकडं जे झालं, ते सांगायला ही गोष्ट फार लहान आहे.

ते वाक्य आणि ती टिकटिक माझ्या छातीत कायमची बसली. बाबा गेले, मी लातूरला आलो आणि इथं फिजिक्सचा क्लास काढला. आमच्या लातुरात एका गल्लीत जितकी घरं तितके क्लास आहेत, त्यामुळं नाव वेगळं लागतं. मी ठेवलं 'गजर क्लासेस'. पाटीवर ते घड्याळ, त्याखाली बाबांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'आधी माणसं मोजा'. दर वर्षी पहिल्या तासाला मी हा प्रसंग सांगतो. पालकांच्या डोळ्यांत पाणी येतं. प्रवेश हाऊसफुल्ल!

आणि टिकटिकीचं म्हणाल तर मी घड्याळं जमवतो. लाजायचं काय त्यात? नांदेड ते लातूर या पट्ट्यात घड्याळातलं माझ्याइतकं कळणारा दुसरा माणूस नाही. तसे एक वाजिदभाई आहेत, नांदेडला तीन पिढ्यांचं घड्याळाचं दुकान; पण त्यांना मी अर्धा माणूस धरतो. तेही मला अर्धाच धरतात. म्हणजे हिशेबानं आम्ही दोघं मिळून एक झालो.

आमचं भांडण टूर्बियॉनवरून. हा फ्रेंच शब्द, अर्थ वावटळ. घड्याळाच्या पोटात एक चाक असतं, ते झोपलेल्या लेकराच्या छातीसारखं हलत राहतं. पृथ्वीची ओढ त्या चाकाला छळते. घड्याळ उभं धरलं तर एक चाल, आडवं ठेवलं तर दुसरी. म्हणून दोनशे वर्षांपूर्वी एका कारागिरानं ते चाकच एका नाजूक पिंजऱ्यात बसवलं आणि अख्खा पिंजरा मिनिटाला एक गिरकी घेईल असं केलं. ओढ सगळ्या बाजूंना सारखी वाटली गेली. धरणीला चकवणारं यंत्र! ज्याच्या अंगावर नवव्या वर्षी माळवद चाळलं गेलंय, त्याला दुसरं कुठलं घड्याळ आवडणार?

वाजिदभाईंचं टूर्बियॉन स्वित्झर्लंडचं. पिंजऱ्यावर लहानसा पोलादी पूल, त्याच्या कडा हातानं घासून अशा चमकवलेल्या की नव्या नवरीची जोडवी आठवावीत. चाल सावकाश, सेकंदाला सहा ठोके, भर दुपारी ओसरीवर पान लावत बसल्यासारखी. माझ्या घड्याळाचा पिंजरा वरून कशानंच धरलेला नाही. नुसता अधांतरी फिरतो. सेकंदाला आठ ठोके! पुन्हा हातावर बांधून नुसतं फिरलं की आपोआप चावी भरते. ते चीनचं आहे, हे मी लपवत नाही. कुणी विचारलं नाही तर सांगत नाही, इतकंच.

वाजिदभाई त्याच आपोआप चावीवर बोट ठेवायचे. "सर, चावी देणं म्हणजे इबादत हाय. मी रोज सकाळी हातपाय धुऊन, वजू करून चाळीस फेरे देतो. तुमचं म्हणजे नमाज दुसऱ्यानं पढायची अन् सवाब, म्हणजे पुण्य, तुम्ही घ्यायचा."

मी म्हणायचो, तुमचा पिंजरा पुलाखाली आहे वाजिदभाई, माझा मोकळ्या आभाळात.

शेवटी ठरलं की परीक्षा घ्यायची. दोन्ही घड्याळं सहा दिवस माझ्या घरी राहतील. रोज एक वेगळी कूस: पालथं, उताणं, चावी वर, चावी खाली, डावीकडं, उजवीकडं. मोबाईलशी ताडून सेकंद लिहायचे. आणि रविवारी सकाळी निकाल कोणी सांगायचा? वाजिदभाईच म्हणाले, तुमच्या अम्मांनी. त्यांना यातलं काहीच कळत नाही, म्हणजे त्यांच्याइतकं निष्पक्ष कोणी न्हाई.

मला हे फार आवडलं. कारण खरं सांगू? मला वाजिदभाईंना हरवायचं नव्हतंच. मला आईच्या तोंडून एकदा 'भारी हाय रे' ऐकायचं होतं. नवीन घड्याळ आणलं की मी आधी आईसमोर धरायचो. तिचे ओठ उघडायचे, काहीतरी अगदी टोकावर यायचं, मग ती पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "हं." तीस घड्याळं झाली. तीस वेळा हं!

माझ्या आईचं नाव चतुराबाई. भूकंपानंतर गल्लीतल्या सगळ्या बाया उशाशी भांड्यांची उतरंड रचायच्या, जमीन हलली की पडून आवाज व्हावा म्हणून. हळूहळू सगळ्यांची सुटली. आईची सुटली नाही. लातूरच्या सिमेंटच्या घरातही तिच्या खोलीतल्या कोनाड्यात पितळी तांब्या, त्यावर फुलपात्र, त्यावर पालथा पेला, त्यावर वाटी आणि वाटीत चमचा. रचताना स्वतःशीच गुणगुणते:

तांब्याच्या डोई फुलपात्र, फुलपात्रा डोई वाटी,
धरणीबाई, वळशील कूस, तर हाक दे लेकरासाठी.

आता माझ्या यंत्राबद्दल. घड्याळं हातानं कोण उलटीपालटी करत बसणार? शिवाय माझं घड्याळ मधूनमधून फिरवल्याशिवाय त्याला चावी भरत नाही. मी फिजिक्सवाला. जुन्या कूलरची मोटर काढली, तिला दोन हात बसवले, पंख्याचा रेग्युलेटर जोडला आणि यंत्र बैठकीच्या भिंतीत ठोकून टाकलं. एका हातावर स्वित्झर्लंड, एका हातावर चीन. एक नंबरवर ते असं मायेनं फिरायचं की पाळणाच! माझी बायको सृष्टी म्हणाली, उन्हाळ्यात कूलर लागेल तेव्हा याच घड्याळांनी वारा घाला.

पाच दिवस परीक्षा रंगली. रविवारी अकराला वाजिदभाई नांदेडहून आले. निकाल बरोबरीत होता, शेवटची कूस तेवढी बाकी. त्यांनी खिशातून भिंग काढून माझं घड्याळ न्याहाळलं आणि हळहळल्यासारखं म्हणाले, सर, तुमची वावटळ पेंगून राहिली हाय.

पेंगून! चावी कमी भरली असावी. आईच्या निकालाआधी माझं घड्याळ पेंगलेलं चालणार होतं का? जोरात फिरलं की चावी लवकर भरेल म्हणून मी रेग्युलेटर एकवरून तीनवर नेला.

इथं एक कबुली. अनुनाद नावाचा धडा मी वर्षातून चार वेळा शिकवतो. हलवणाऱ्याची लय आणि हलणाऱ्याची लय जुळली की पूलसुद्धा कोसळतो, हे मी फळ्यावर रंगीत खडूनं काढून दाखवतो. फक्त माझी भिंत चार इंची आहे, तिच्या पलीकडं आईचा कोनाडा आहे आणि कोनाड्यात उतरंड आहे, हे त्या फळ्यावर कधी काढलं नव्हतं.

यंत्र गुरगुरलं. भिंत अंगात आल्यासारखी थरथरली. आणि पलीकडून आवाज आला: आधी चमचा, मग वाटी, मग पेला, मग सगळा संसारच!

लातूरच्या माणसाला तो आवाज कानानं ऐकू येत नाही, गुडघ्यांनी येतो. सृष्टी हातातल्या लाटण्यासकट बाहेर. वाजिदभाई भिंगासकट बाहेर. शेजारचे धोंडप्पाकाका, ज्यांनी आमच्या उतरंडीची इतकी वर्षं थट्टा केली, ते अर्धी दाढी करून गल्लीत उभे राहून "भूकंप झाला" असं सगळ्यांना सांगू लागले. समोर मुलींचं हॉस्टेल. मिनिटभरात दीडशे पोरी नोट्स छातीशी धरून रस्त्यावर. त्यातली एक धापा टाकत माझ्याकडं आली आणि म्हणाली, सर, किती रिश्टर असेल?

आता मला गप्प बसता आलं असतं की नाही? पण दीडशे पोरी माझ्याकडं बघत होत्या. मी डोळे मिटले, पायाखालच्या जमिनीचा अंदाज घेतला आणि म्हणालो, "चारच्या आसपास."

झालं! पोरींच्या मोबाईलवरून माझा आकडा थेट नांदेडला पोचला. वाजिदभाईंच्या बायकोचा, जेबाभाभींचा, फोन आला की इथं पण हललं, मी कपाट धरून उभी हाय. लोह्याहून सृष्टीच्या भावानं कळवलं की म्हैस सकाळपासून वेगळंच हंबरत होती. हदगावच्या एका विद्यार्थ्यानं तर कळवलं, सर, आमच्याकडं पाच होता.

मी गल्लीच्या मधोमध उभा होतो. छाती भरून आली होती. असा प्रसंग माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो. आणि बाबांचा आवाज माझ्या गळ्यात आपोआप उतरला. मी ओरडलो, "आधी माणसं मोजा!"

पोरी टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. धोंडप्पाकाकांनी अर्ध्या दाढीनं मान डोलावली. मी मोजायला हात वर केला तर हात उघडेना. मूठ घट्ट मिटलेली. दुसरा वर केला, तीही मिटलेली. उघडल्या. एका मुठीत स्वित्झर्लंड. एका मुठीत चीन. दोन्ही वावटळी निवांत गिरक्या घेत होत्या.

मी मोजलं. सृष्टी. वाजिदभाई. धोंडप्पाकाका. दीडशे पोरी.

सृष्टीनं लाटणं खाली केलं आणि अगदी हळू विचारलं, "अहो, आई कुठायत?"

त्या क्षणी पृथ्वीची सगळी ओढ माझ्या पायांत उतरली. सगळ्या बाजूंना सारखी वाटली वगैरे गेली नाही. वाजिदभाई माझ्याआधी फाटकाकडं धावले, पण त्यांना आत जावं लागलं नाही. आई दारात आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात चमचा. सावकाश पायऱ्या उतरली, ओट्यावर बसली आणि तांब्याला पोचा पडलाय का ते बोटानं चाचपून पाहू लागली.

"भूकंप न्हाई झाला," ती म्हणाली. "धरणी हालली की खालचा तांब्या आधी हालतो. आज वरचा चमचा आधी हालला. तुझं ते कूलर भिंतीला धडका देऊन राहिलं व्हतं. मी बंद करून आले."

 दीडशे पोरी एकदम हसल्या. धोंडप्पाकाका उरलेली दाढी करायला निघून गेले. वाजिदभाईंनी फोन काढून जेबाभाभींना सांगितलं की कपाट सोड.

मी आईपुढं जाऊन उभा राहिलो. दोन्ही घड्याळं तशीच तळहातावर, चोरी सापडलेल्या पोरासारखी. माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनं माझ्या हातांकडं पाहिलं आणि तिचे ओठ हलले. ते काहीतरी पुन्हा टोकावर आलं. मी पदराची वाट पाहिली. या वेळी तिनं पदर घेतला नाही. ती हसायला लागली. खांदे हलले, तांब्या मांडीवरून घरंगळला. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अगदी बापावर गेलास रं," ती म्हणाली.

माझी छाती पुन्हा थोडी फुगली. वाजिदभाईसुद्धा आदरानं पुढं सरसावले. मी म्हणालो, म्हणजे काय आई?

आईनं डोळे पुसले. "तू पाटीवर लावलंस, पोरांना सांगतोस, माणसं रडत्यात, म्हणून गप बसले. आता बसवत न्हाई. त्या पहाटे तुझ्या बापानं फळीवरचं घड्याळ उचललं अन् पहिल्या धक्क्यालाच अंगणात. कडेवर घेतल्यावर ते बंद कसं पडंल? अन् तिथनं वरडले, आधी माणसं मोजा म्हणून. मी खाटंखाली तुला धरून, तोंडात माती. मग त्यांनी मोजली. एकच भरलं, ते सोताच. तवा कुठं घड्याळ खाली ठिवलं अन् भिंत डुलत असताना आत आले, आपल्या दोघांला वढायला."

तिनं माझ्या तळहातावरची घड्याळं एकेक करून उचलली, उन्हात धरली आणि त्या दोन वावटळी फिरताना कितीतरी वेळ बघत राहिली.

"भारी हायत रं दोन्ही," ती म्हणाली. "पर त्यांनी एकच उचललं व्हतं."