दहा हजार मिलिमीटरचा बाबा

पावसाळी जॅकेटचा सर्वात मोठा शत्रू पाऊस आहे. म्हणून जबाबदार माणूस ते एकदम पावसात नेत नाही. आधी घरी तपासून घेतो.

या गोष्टीतल्या बायकोचा नवरा जबाबदार होता. डोंगरावर घालायचं निळं जॅकेट त्याने मोसमाच्या सुरुवातीलाच आणलं. हे कापड दहा हजार मिलिमीटर पाण्याचा दाब सोसतं, असं लेबलवर छापलं होतं. (म्हणजे दहा मीटर. त्यांच्या इमारतीचा तिसरा मजला.) त्याच संध्याकाळी त्याने पाच वर्षांच्या लेकीला शब्द दिला, "रविवारी आपण दोघं पावसात टेकडीमागच्या डबक्यावर जायचं. बेडकाची शेपटीवाली पिल्लं बघायची." त्याआधी फक्त एक छोटीशी चाचणी.

चाचणी न्हाणीघरात होई. नवरा जॅकेट चढवून, टोपी आवळून स्टुलावर बसे. खिशांत, काखेत, पाठीशी वर्तमानपत्राचे एकवीस तुकडे असत. ते नंतर बोटांनी तपासले जात, आणि वाद झालाच तर आजीच्या गालाला लावून. पाऊस म्हणून बायकोची नेमणूक झाली होती. (पद मानद.) रिमझिम म्हणजे झारी, मध्यम म्हणजे शॉवर, मुसळधार म्हणजे हात उंच करून ओतलेला तांब्या. वारा लेकीकडे. ती पुठ्ठा हलवी आणि मधूनमधून विचारी, "बाबा, झालं?"

पहिल्या रविवारी जॅकेट उत्तीर्ण झालं. पण एकदा उत्तीर्ण काय, कुणीही होतं. दुसऱ्या रविवारी पाठीचे चार तुकडे ओले निघाले. तो घामच आहे हे सिद्ध करायला नवरा तीन संध्याकाळी जॅकेट घालून गॅससमोर बसला. तिसऱ्या रविवारी बाहेर धो धो कोसळत होतं, पण नळाला पाणी नव्हतं; त्यामुळे पावसाअभावी चाचणी पुढे ढकलावी लागली.

"अरे, बाहेर फुकटचा पडतोय," सासूबाई दारातून म्हणाल्या. "जा की, उभा राहा जरा!"

"आई, बाहेरच्या पावसाला काही प्रमाण आहे का? आज असा, उद्या तसा. त्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"तुझ्या बापाने जन्मभर डोक्यावर पोतं घेतलं."

"म्हणून तर त्यांचे केस गेले."

चौथ्या रविवारी ऐन मुसळधारेत वारा थांबला. लेकीने पुठ्ठा खाली ठेवला होता.

"बाई म्हणाल्या, पिल्लांना पाय फुटतात," ती म्हणाली. "मग ती उड्या मारून निघून जातात."

"शिवणी तेवढ्या राहिल्यात, राणी. पुढच्या रविवारी नक्की."

बायकोने तांब्या खाली ठेवला.

त्या घरात जलरोधक अशी आणखी एक वस्तू होती. लेक तान्ही असताना तिच्या दुपट्याखाली घालायचं लाल रबरी कापड. दोन वर्षं, दिवसरात्र, पूर्वसूचनेशिवाय त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. गादीवर आजही डाग नाही. त्याला लेबल मात्र नव्हतं, कारण चाचणी घेणारीला बोलता येत नव्हतं आणि निकाल बघणारीचे डोळे झोपेने उघडत नव्हते. बायकोने ते कपाटाच्या तळातून काढलं. पावडरचा वास अजून होता. तिने लेकीला कडेवर घेतलं, ते दोघींच्या डोक्यावर धरलं आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने आपल्या हनुवटीखाली अडकवलं.

"अहो," दारातून ती म्हणाली, "पाऊस जरा बाहेर चाललाय. वाराही."

डबक्याकाठी लेक उकिडवी बसली. मानेतून पाणी आत शिरत होतं, चपला चिखलात कधीच गेल्या होत्या. पाण्यात फारसं कुणी उरलं नव्हतं. शेवटी एका पानाखाली एक सापडलं: मागचे पाय फुटलेले, शेपटी नखाएवढी.

"आई, हे बाबासाठी थांबलंय," लेक म्हणाली.

दोघी ओल्याचिंब होऊन परतल्या तेव्हा नवरा स्टुलावरच होता. तुकडे मोजून झाले होते. एकवीसच्या एकवीस कोरडे.

"बघितलंत?" तो आनंदाने म्हणाला. "एक थेंब आत आला नाही!"

लेक त्याला पिल्लाचं सांगणार होती. तिने टोपी आवळलेल्या बाबाकडे पाहिलं आणि आजीला सांगायला गेली.

जॅकेट उत्तमच आहे, घ्यायला हरकत नाही. आणि आपण त्याला हसलात तेही बरं झालं. आता जरा उठा. आपल्या कपाटात पिशवीतून न काढलेलं काय काय आहे ते बघा, आणि ज्याला आपण "रविवारी नक्की" म्हणाला होतात, त्याची शेपटी अजून शिल्लक आहे का, तेही.