पाव्हण्याचा बिल्ला

"बिल्ल्यावर माझाच नंबर घाला," बाई भाजी वाढता वाढता म्हणाल्या.

शिक्केवाल्यांचा घास हातातच राहिला. दुपारी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली होती. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आठ दिवसांत त्याच्या गळ्यात फोन नंबराचा बिल्ला घालावा, मानेच्या कातडीखाली चिप बसवून घ्यावी, नाहीतर कुत्र्याला लिफ्ट बंद. घर पाचव्या मजल्यावर होतं.

"तुझा का म्हणून?" त्यांनी विचारलं.

"कारण मी फोन उचलते. तुम्ही उचलता? परवा सहा वेळा केला."

"दुकानात मशीन चालू होतं."

"तेच म्हणतेय मी. कुणाला कुत्रा सापडला तर त्याने काय तुमचं मशीन बंद व्हायची वाट बघायची?"

"मग दोन्ही नंबर घालतो."

"बटणाएवढ्या बिल्ल्यावर दोन नंबर? वाचायला एक भिंगही बांधा मग त्याच्या गळ्यात."

"बरं. आणि चिपचं काय?"

"चिपचं तुम्ही बघू नका," बाई पटकन म्हणाल्या. "ते माझ्यावर सोडा."

टेबलाखाली पाव्हणा बसला होता. बसला होता म्हणजे बाईंच्या पावलांवर हनुवटी टेकून पसरला होता. शिक्केवाल्यांनी आपला पाय हळूच त्याच्या पाठीला लावून पाहिला. पाव्हण्याने एक डोळा उघडला, पाय कुणाचा आहे ते पाहिलं आणि डोळा मिटून घेतला.

तीन वर्षांपूर्वी बाईंनी शाळेच्या फाटकापाशी सापडलेलं हे पिल्लू ओढणीत गुंडाळून घरी आणलं, तेव्हा शिक्केवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. "दोन दिवसांचा पाव्हणा म्हणून ठेव. तिसऱ्या दिवशी या घरात एकतर तो असेल नाहीतर मी," असं ते बजावून बोलले होते. तिसऱ्या दिवशी दोघेही होते. नाव तेवढं पाव्हणा पडलं ते पडलं.

आणि आता? सकाळी सहाला पाव्हण्याला फिरवायचे शिक्केवाले. त्याचे केस विंचरायचे ते, कानातली गोचीड काढायचे ते, औषधाची गोळी पोळीत लपवून भरवायचे ते. दहा वाजता पाव्हणा त्यांच्याबरोबर दुकानात यायचा आणि संध्याकाळपर्यंत काउंटरच्या खाली झोपायचा. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका. घरी यायच्या साडेपाचला. त्यांची चप्पल जिन्यात वाजली की हा दिवसभराचा निजलेला प्राणी असा उसळायचा, असा ओरडायचा, अशी लोळण घ्यायचा, की जणू कुणी सात समुद्र ओलांडून आलंय! शिक्केवाले दारामागे उभे राहून ते बघायचे. राबायचं एकाने आणि मिरवायचं दुसऱ्याने. सरळच सांगायचं तर शिक्केवाले आपल्या बायकोवर जळत होते, आणि चांगली तीन वर्षं जळत होते.

त्यात हा बिल्ला. कुत्र्याचं मन कुणाकडे आहे ते निदान आजवर घरातल्या घरात होतं. आता ते पितळेवर कोरून गळ्यात बांधायचं, आणि तेही शिक्केवाल्यांच्याच हातांनी.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी पितळेची एक चकती घेतली, घासली, पुसली आणि कोरणी हातात धरली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची नावं कोरली होती. दाराच्या पाट्यांची कामं केव्हाच कॉम्प्युटरवाल्यांनी नेली. राहिले होते कचेऱ्यांचे रबरी शिक्के आणि पाकिटांवर लाखेत उठवायचे पितळी. त्यांनी बाईंच्या नंबराचा पहिला आकडा मनात म्हटला. काउंटरखाली पाव्हणा घोरत होता.

"काय रे," शिक्केवाले त्याला म्हणाले, "तुला थंडीत स्वेटर कुणी घातला? उलटी झाली तेव्हा रात्रभर कोण बसलं होतं?"

पाव्हण्याने झोपेतच शेपूट एकदा आपटली. शिक्केवाल्यांना तेवढा पुरावा पुरला. त्यांनी मान खाली घातली आणि भराभर स्वतःचा नंबर कोरून टाकला. हात चोरीचा होता, घाईत होता, त्यामुळे डोकं बाजूला राहिलं आणि तीस वर्षांची सवय कामाला लागली. शिक्का कोरायचा तर उलटा कोरावा लागतो, म्हणजे कागदावर सुलटा उठतो. शिक्केवाल्यांनी बिल्लाही तसाच कोरला, उजवीकडून डावीकडे, एकेक आकडा आरशातल्यासारखा. कोरून झाल्यावर त्यांनी तो दोनदा तपासलाही. पण उलटं वाचायची ज्याला सवय, त्याला उलटं दिसणार कसं? आकडे सगळे बरोबर होते.

संध्याकाळी बाईंनी बिल्ला हातात घेतला. चष्मा पर्समध्ये होता आणि पर्स आत होती. त्यांनी त्यावरून नुसता अंगठा फिरवला.

"सुबक झालाय हो. माझाच घातलात ना?"

"मग काय," शिक्केवाले म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले. हात स्वच्छच होते.

खोटं एकदा घरात शिरलं की त्याला सोबत लागते. शिक्केवाल्यांना आता चिपची काळजी पडली. बिल्ला काय, उद्या काढून दुसरा घालता येतो. पण चिप बसली की बसली. डॉक्टरांकडे फॉर्म असणार, फॉर्मवर 'मालक' असा रकाना असणार आणि बाई त्यात आपल्या वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिणार. "ते माझ्यावर सोडा" म्हणजे दुसरं काय? नवऱ्याला 'पर्यायी संपर्क' नावाच्या दुसऱ्या रकान्यात टाकायचा डाव होता हा! लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाने कुत्र्याच्या कागदावर पर्यायी म्हणून राहायचं?

शुक्रवारी बाई शाळेत असताना त्यांनी अकरा वाजताच दुकानाचं शटर ओढलं.

"आज लवकर?" शेजारच्या घड्याळवाल्याने विचारलं.

"कागदपत्रांचं काम आहे," शिक्केवाले म्हणाले आणि पाव्हण्याचा पट्टा धरून प्राण्यांच्या डॉक्टरांच्या रस्त्याला लागले. कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बिल्ला उताणा पडलाय, नंबर आत गेलाय. डॉक्टरांना तो दिसायला हवा. ते वाकले, पट्टा गुडघ्याखाली दाबला आणि दोन्ही हातांनी बिल्ला फिरवू लागले. नेमकं त्याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोचं फाळकं धाडकन पडलं.

पाव्हणा पट्ट्यासकट गेला. शिक्केवाले उठेपर्यंत त्याची शेपूट दुसऱ्या गल्लीत वळली होती. ते धावले. ज्या वयात माणूस जिनाही हिशेबाने चढतो त्या वयात ते तीन गल्ल्या धावले, "पाव्हणा! अरे पाव्हणा!" असं ओरडत. खिडक्यांतून लोक कुतूहलाने बघत होते. हा माणूस कुणाच्या मागे लागलाय आणि तो पाहुणा न जेवता का पळतोय, ते त्यांना कळेना.

शेवटी पाव्हणा दुकानातच परत येईल या आशेने ते दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. छाती भात्यासारखी चालली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला होता.

"येईल फोन," घड्याळवाला म्हणाला. "बिल्ल्यावर नंबर आहे ना?"

"आहे. माझा आहे."

"मग झालं तर."

पंधरा मिनिटं गेली. फोन गप्प. "अरे, हा बिघडला तर नाही? तू एक कॉल कर बघू," शिक्केवाले म्हणाले. घड्याळवाल्याने केला. वाजला. दहा मिनिटांनी पुन्हा करायला लावला. पुन्हा वाजला. घड्याळवाला मूळचा परोपकारी, त्यात दुपारी गिऱ्हाईक नाही, मग तो न सांगताच दर पाच मिनिटांनी करू लागला, आणि शिक्केवाले दर वेळी काळीज तोंडात आणून "हॅलो! सापडला का?" म्हणू लागले.

"मीच आहे. चालू आहे फोन."

बाईंना सांगावं का? त्यांनी तीनदा नंबर काढला आणि तीनदा मिटवला. सांगितलं तर बाई पहिली गोष्ट म्हणणार, 'मला तर कुणाचा फोन नाही आला.' आणि मग? पण खरं म्हणजे आता शिक्केवाल्यांना त्या फजितीचंही फारसं काही वाटेनासं झालं होतं. काउंटरखाली पाण्याचं भांडं तसंच होतं, अर्धं भरलेलं. दुकानात घोरण्याचा आवाज नव्हता. हिचाच नंबर घातला असता तर आत्तापर्यंत तो तिच्या पायाशी असता. असू दे ना तिच्या पायाशी, पण असू दे, असं ते मनाशी म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. त्यांनी मान वळवून ते शर्टाच्या बाहीला पुसलं. घड्याळवाल्याने तेवढा एक कॉल करायचा टाळला.

म्हणूनच एक वाजता डॉक्टरांचा फोन लागला.

"शिक्केवाले, किती बोलता हो फोनवर! चार वेळा केला, चारही वेळा एंगेज. तुमचा पाव्हणा आमच्याकडे आहे. या."

"तुमच्याकडे? बिल्ल्यावरचा नंबर बघून केलात ना फोन?" त्यातही त्यांना ते जाणून घ्यायचं होतं.

"छे! तो बिल्ला कुणाला वाचता येतोय? चिप वाचली."

"त्याला कुठाय चिप?"

"आहे की. तीन वर्षं झाली."

शिक्केवाल्यांचा चेहरा क्षणात उजळला होता तो तितक्याच झटकन काळवंडला. तीन वर्षं! म्हणजे बाईंनी मागच्या मागे तेव्हाच बसवून घेतली होती. 'ते माझ्यावर सोडा' ते यासाठी. आपण एका बिल्ल्याची चोरी केली म्हणून पायरीवर बसून रडतोय आणि इकडे अख्ख्या कुत्र्याची चोरी होऊन गेलेली! आपल्याला फोन कुठल्या कागदावरून आला असेल, हा साधा विचारही त्यांच्या डोक्यात आला नाही. मत्सराला हिशेब येत नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर पोस्टमन बसला होता आणि त्याच्या शेजारी बाई. बाईंच्या मांडीवर पाव्हणा, पळून दमून गाढ झोपलेला. अर्थातच.

"तुमचा फोन लागेना म्हणून डॉक्टरांनी मला बोलावलं," बाई म्हणाल्या. आवाज शाळेतला होता. चष्मा नाकावर होता.

"टपाल पेटीपाशी बसला होता," पोस्टमन सांगू लागला. "वीस वर्षं मी वाट्टेल ती अक्षरं वाचतोय, डॉक्टरांचीसुद्धा. पण हा बिल्ला! आकडे म्हणावेत तर आकडे नाहीत, किडेमुंग्या म्हणाव्यात तर त्याही नाहीत. शेवटी पत्ता अपुरा म्हणून इथे आणून दिला."

बाईंनी डॉक्टरांच्या टेबलावरचं शाईचं पॅड पुढे ओढलं, पाव्हण्याच्या गळ्यातला बिल्ला काढला, तो पॅडवर दाबला आणि एका कोऱ्या कागदावर उठवला. निळ्या गोलात पांढरे आकडे स्वच्छ, सुलटे उमटले. टेबलावर शिक्केवाल्यांनीच करून दिलेला डॉक्टरांचा शिक्का होता. त्याच्याइतकंच सफाईदार काम होतं.

"नंबर ओळखीचा वाटतोय," बाई म्हणाल्या.

शिक्केवाल्यांनी दारातूनच कागदाकडे पाहिलं. कामात चूक झाली याची लाज वाटावी की चोरी पकडली गेली याची, ते त्यांना ठरवता येईना. मग त्यांना आपली बाजू आठवली.

"आणि तू? तीन वर्षं चिप स्वतःच्या नावावर करून बसलीस, मला पत्ता नाही! दिवसभर सांभाळतो कोण त्याला?"

"डॉक्टर, दाखवा हो यांना," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा वळवला. मालक या रकान्यात शिक्केवाल्यांचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. पर्यायी संपर्क या रकान्यात बाई होत्या.

"आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी केलं," बाई म्हणाल्या. "तुमची सही हवी होती. तुम्ही जेवताना समोर ठेवेन त्यावर सही करता. म्हटलं, हे नाव कोरणारे गृहस्थ आहेत, एकदा स्वतःच्या नावावर काही चढलं की टाकून द्यायचे नाहीत. सांगितलं असतं तर तेव्हा घर डोक्यावर घेतलं असतंत. नंतर सांगायचं राहून गेलं."

शिक्केवाल्यांनी पडद्यावरचं आपलं नाव दोनदा वाचलं. मग ते दारातून दोन पावलं आत आले.

आणि तेव्हा पाव्हण्याने डोळे उघडून त्यांना पाहिलं. दोन तास तो त्यांना पारखा झाला होता. तीन वर्षांत बाई रोज जात होत्या आणि रोज येत होत्या. हा माणूस मात्र कधी गेलाच नव्हता, तर त्याच्या येण्याचा आनंद करायचा केव्हा? पाव्हणा बाईंच्या मांडीवरून असा उसळला की चष्मा उडाला. तो ओरडला, नाचला, शिक्केवाल्यांच्या पायात त्याने लोळण घेतली, ते खाली बसले तेव्हा त्यांचं नाक, कान, टक्कल सगळं चाटून काढलं. पोस्टमननेसुद्धा टोपी काढली.

"बघ, बघ!" शिक्केवाले रडत-हसत म्हणत होते. "अगं, बघतेस ना?"

बाई बघत होत्या. त्यांनी खाली पडलेला चष्मा उचलला, मांडीवरचे केस झटकले आणि रिकामे हात पर्सवर ठेवले. साडेपाचला दारामागे उभं राहून शिक्केवाले जसे बघायचे, अगदी तसं त्या बघत होत्या. मग त्या डॉक्टरांकडे सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टर, त्या पहिल्या रकान्यातलं नाव बदलता येतं का हो?"