पोंपोंकाकांची रिकामी फेरी

पोंपोंकाकांच्या धाकट्या लेकीचं लग्न वीस माणसांत उरकलं, त्या वर्षीची ही गोष्ट. वीस म्हणजे मोजून वीस! एकविसावा निघाला तो नेमका नवऱ्या मुलाचा सख्खा मामा. त्याने बाहेर स्टुलावर उभं राहून खिडकीतून लग्न पाहिलं आणि आशीर्वादही तिथूनच दिले. रोगाच्या साथीने सगळं जग बंद केलं होतं, आणि शाळेला तर आठ महिन्यांपासून कुलूप होतं.

पोंपोंकाका म्हणजे शाळेच्या पिवळ्या व्हॅनचे ड्रायव्हर. नाव मुलांनी ठेवलेलं. प्रत्येक थांब्यावर ते दोनदा आखूड आणि एकदा लांब हॉर्न वाजवायचे, पों पों पोंऽऽ! मग मनातल्या मनात तीस आकडे मोजायचे आणि निघायचे. सव्वीस वर्षं हेच. त्यांच्या दोन बढाया होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. सव्वीस वर्षांत व्हॅन एक मिनिटही उशिरा आली नव्हती, आणि सव्वीस वर्षांत एकही मूल थांब्यावर मागे राहिलं नव्हतं. मुलीची बोलणी चालू असताना तिचं शिक्षण सांगायच्या आधी त्यांनी व्याह्यांना हे सांगितलं होतं!

पण गाडी नुसती उभी राहिली की अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखी होते. बॅटरी दोनदा उतरली. ढकलायला माणसं बोलवावीत, तर दोन हात अंतर ठेवून गाडी ढकलणार कशी? शेवटी काका शाळेत गेले. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. शाळा बंद असली तरी त्या रोज ऑफिसात येऊन बसत. घरी बसवत नाही, म्हणायच्या.

"दर सोमवारी एक फेरी मारतो मॅडम, नेहमीच्या रस्त्याने. रिकामी. बॅटरी जिवंत राहील."

मोठ्या बाईंनी पास दिला, पण हमीपत्र लिहून घेतलं. त्यात होतं, 'शाळा बंद असेपर्यंत व्हॅनमध्ये एकही मूल बसवणार नाही. बसवल्यास व्हॅन शाळेच्या यादीतून कायमची काढावी.'

"काका, रिकामी म्हणजे रिकामी! एक मूल दिसलं, तर शाळा उघडेल तेव्हा दुसऱ्याची व्हॅन लावीन."

"मॅडम, माशी बसली तर तिलासुद्धा उतरवीन!"

घरी काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माशीचं राहू द्या. अंगठ्याचं काय?"

"कुठला अंगठा?"

"हॉर्नवरचा! काल जेवताना ताटाच्या कडेवर दाबत होतात."

"अंगठा माझा आहे. मी सांगेन तेव्हाच दाबेल!"

काकूंनी काकांचा जुना मोजा आणला, हॉर्नच्या बटणावर चढवला आणि वरून बुटाची नाडी बांधली.

सोमवारी सकाळी काका निघाले. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली! काकांना इतका आनंद झाला की ते मास्कच्या आत शीळ घालू लागले. रस्ते मोकळे होते. पहिल्या थांब्याच्या कोपऱ्यावर मात्र रस्त्याच्या मधोमध एक कुत्रा आडवा पडला होता. आठ महिन्यांत वाहतूक अशी नव्हतीच, त्यामुळे रस्ता आपल्यालाच दिला आहे अशी त्याची खात्री झाली होती. काकांनी दिवे मारले. हाड्‌ हाड्‌ केलं. कुत्र्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

काकांनी नाडी सोडली. मोजा काढला. हळूच एकदा दाबलं. पों. कुत्रा ढिम्म. पुन्हा दाबलं. पों. आणि पुढचं काम अंगठ्याने आपलं आपणच केलं. त्याला दोनावर थांबायची सवयच नव्हती!

पोंऽऽ!

कुत्रा उठला. पण त्याच्याबरोबर समोरची इमारतही उठली. जिन्यात धडधड धडधड पावलं वाजली आणि पहिलीतल्या दोघी जुळ्या बहिणी पाठीला दप्तर लावून खाली आल्या. एकीची वेणी घातलेली, दुसरीची अर्धीच. मागून त्यांची आई, कानात ऑफिसचं बोलणं चालू असलेली.

"काका, देवासारखे आलात! अर्धा तास! नुसतं फिरवून आणा!"

"ताई, अहो, मी लिहून दिलंय!"

"मीही लिहून दिलंय ऑफिसला, नऊ वाजता मीटिंगला बसते म्हणून! हो सर... नाही सर, मागे कोणी ओरडत नाहीये, नळ चालू आहे..."

दार लागलं. आई गेली. जुळ्या आपापल्या जागेवर बसून पट्टे लावून मोकळ्या झाल्या.

"उतरा गं बायांनो!"

"काका, तीस मोजून झाले. निघा."

सव्वीस वर्षांची भाकरी एका मोज्याच्या नाडीवर लटकत होती! परत फिरावं, तर रस्ता एवढा अरुंद की व्हॅन वळवायला जागा एकच, शाळेचं फाटक. ठीक आहे, जावं, वळावं, यावं. कोणाला कळणार आहे?

आता दुसऱ्या थांब्यावर काय चाललं होतं ते सांगायला हवं. तिथे दुसरीच्या वर्गाच्या बाई राहायच्या. व्हॅनमध्ये काकांच्या शेजारची जागा त्यांची. बाईंच्या घरात रेंज यायची नाही. ती यायची इमारतीच्या जिन्यात, खालून तिसऱ्या पायरीवर. म्हणून आठ महिने बाई त्या पायरीवर उशी टाकून, हातात फोन धरून शिकवत. शेजारी कचऱ्याची बादली घेऊन त्यांना ओलांडून जायचे आणि जाता जाता एखादं गणितही सांगून जायचे. बाईंनी आठ महिन्यांत मुलं पाहिली ती तिकिटाएवढी. त्यातली निम्मी छताकडे कॅमेरा करून बसलेली. कोणत्या मुलाच्या घरात कोणता पंखा आहे, हे बाईंना पाठ होतं!

काकांनी तिथे हॉर्न वाजवलाच नाही, गाडी नुसती सवयीने थांबली. पण जुळ्यांनी वाजवला, तोंडाने, खिडकीतून. पों पों पोंऽऽ!

बाई उठल्या. पाय पायरीवरून उतरला तो थेट व्हॅनच्या पायरीवर पडला. त्या आपल्या जागेवर बसल्या, पदर सावरला, "चला काका," म्हणाल्या, आणि मग त्यांना आपण काय केलं ते कळलं.

"अगंबाई! मी कुठे आले?"

"तेच मीही विचारतोय, बाई!"

इतक्यात बाईंच्या हातातला फोन ओरडू लागला. वर्ग चालूच होता! फोनच्या डोळ्यासमोर स्टिअरिंग, काका आणि मागे दात काढून हसणाऱ्या जुळ्या, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"बाई, व्हॅन आली?"

"पोंपोंकाका! आमच्याकडे या!"

"आई, माझा बूट कुठाय?"

एकेक चौकोन रिकामा होऊ लागला. जिथे मुलं होती तिथे आता नुसत्या हलत्या खुर्च्या आणि पंखे. बाईंनी डोक्याला हात लावला. "काका, पळवा! मुलं थांब्यावर यायच्या आत पळवा!"

काकांनी पळवली. पण मुलांपुढे व्हॅनचं काय चालणार? तिसऱ्या थांब्यावर चार जण रांगेत उभे! वर गणवेश, खाली पायजमा. पाय आठ महिन्यांत वाढलेले, बूट तेवढेच, म्हणून एकाने बापाच्या चपला घातलेल्या. एकाने घाईत मास्क डोळ्यांवर चढवलेला. काकांनी ब्रेक लावला नाही असं ते पुढे शपथेवर सांगायचे. ब्रेक पायाने लावला, म्हणायचे, मी नाही.

चौथ्या थांब्यावर एक दातपडका मुलगा कुंडी घेऊन उभा होता. कुंडीतून घेवड्याचा वेल निघून त्याच्या खांद्यावरून, मानेभोवती दोन वेढे घालून मागे लोंबत होता. शाळा बंद झाली त्या दिवशी त्याला कापसात रुजवलेला घेवडा विज्ञानाच्या तासाला दाखवायचा होता.

"बाई, पहिला वाळला. हा त्याचा नातू. आता गुण द्याल ना?"

वेल आत घ्यायला पाच मिनिटं गेली. त्याचं एक टोक मागच्या खिडकीतून बाहेर, दुसरं काकांच्या आरशात. सहाव्या थांब्यापर्यंत व्हॅनमध्ये चौदा मुलं, एक बाई आणि एक मळा झाला होता! प्रत्येक थांब्यावर आया हात जोडून उभ्या. एका बापाने तर विचारलं, "काका, मोठ्या माणसांना घेता का?"

आणि मग फोनमधून आवाज आला. लहान मुलाचा नव्हता.

"बाई, तुम्ही नक्की कुठे आहात?"

वर्गात एक काळा चौकोन केव्हाचा गप्प बसून होता. मोठ्या बाई! ऑफिसात बसून कुठल्याही वर्गात न सांगता डोकावायची त्यांना सवय होती.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, ते... आजचा धडा... वाहतुकीची साधने! प्रात्यक्षिक घेतेय!"

"आणि त्या वेलाचं काय?"

"तो... पुढचा धडा, मॅडम."

चौकोन आणखी काळा झाला.

सातवा आणि शेवटचा थांबा मोठ्या बाईंच्याच गल्लीत होता. त्यांची नात तिथून बसायची. मोठ्या बाई कुठून बोलतायत हे काकांना काय ठाऊक? इतक्या सकाळी अजून घरातूनच बोलत असतील, असा त्यांनी हिशेब केला आणि ती गल्ली डोळे मिटल्यासारखी टाळून व्हॅन सरळ शाळेपुढे आणली. वळवायची आणि पळायचं!

पण फाटकाच्या आत वॉचमन होता. त्याला सगळे कुलूपदादा म्हणायचे. आठ महिने एकटा बसलेला माणूस. पिवळी व्हॅन दिसताच त्याने फाटक सताड उघडलं, आणि डोक्यात विचार यायच्या आत जाऊन घंटाही दिली. टण टण टण! मुलं उतरली आणि एकामागे एक, हातभर अंतर सोडून उभी राहिली. शाळा चालू असताना कधी इतकी सरळ रांग लागली नव्हती.

ऑफिसचं दार उघडलं. मोठ्या बाई बाहेर आल्या. हातात हमीपत्र!

एवढी शांतता झाली की वेलाचं पान पडलेलं ऐकू आलं.

काका पुढे झाले. व्हॅनची किल्ली त्यांनी व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली. "मॅडम, चूक माझी. बाईंची नाही, मुलांची नाही. अंगठ्याची आहे, पण अंगठा माझाच आहे."

मोठ्या बाई बोट उचलून मुलं मोजू लागल्या. एकदा मोजली. पुन्हा मोजली.

"चौदा. पंधरावी कुठाय?"

"तुमच्या गल्लीत मुद्दामच नाही वळलो, मॅडम. म्हटलं, तुम्ही बघाल."

"मी बघितलंच! वर्गात बघितलं! सुनेचे तीन फोन आले! पोरगी दप्तर लावून फाटकाला लटकून रडतेय. व्हॅन दिसली आणि वळली नाही! सव्वीस वर्षं मला ऐकवता, एक मूल मागे राहिलं नाही म्हणून. आज राहिलं ते माझंच?"

काका एवढे कधी खजील झाले नव्हते. हमीपत्र मोडलं त्याचं नाही, त्यांना खरी लाज वाटली ती याची.

"जा, घेऊन या तिला," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग दहा मिनिटं मैदानात, लांब लांब. मग ज्याला त्याला घरी. आणि हे कुठे बोलायचं नाही!"

नात आली. मैदानात बाईंनी हजेरी घेतली. एकेकाचं नाव घेतलं की समोरून खराखुरा आवाज यायचा, "हजर!" पाचव्या नावानंतर बाई पाठमोऱ्या झाल्या आणि पुढची नावं कुलूपदादाने वाचली. फोनमध्ये उरलेली मुलं कोकलत होती, "बाई, आम्ही पण हजर!" वेलाला दहापैकी दहा मिळाले. तेवढ्या दहा मिनिटांत मोठ्या बाईंनी तीन वेळा डोळे पुसले आणि तिन्ही वेळा धूळ फार आहे असं सांगितलं.

मग शिक्षा झालीच. व्हॅन यादीत राहिली, पण कुलूपदादाने पाना आणून हॉर्न काढला आणि मोठ्या बाईंनी तो हमीपत्रासकट कपाटात बंद केला. पुढे वर्षभर काका दर सोमवारी हॉर्नशिवाय फेरी मारत. थांब्यावर गाडी हळू करून, मास्कच्या आत, तोंडाने हळूच पों पों पोंऽऽ करत. मुलं खिडक्यांतून हात हलवत. उतरून कोणी आलं नाही. तीस मोजले की काका निघत. काकू म्हणायच्या, "मोजा त्यांच्या तोंडाला बांधायला हवा होता."

शाळा उघडली त्या दिवशी हॉर्न परत मिळाला. गंजला होता, सर्दी झाल्यासारखा वाजला. मुलांना तोच आवडला.

व्हॅन उशिरा आली ती त्यानंतर तिसऱ्या वर्षी, जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी. चार मिनिटं उशीर. तीस वर्षांत पहिल्यांदाच. धाकट्या लेकीचा नवरा चालवत होता. "मुलं थांब्यावर उभी असतील," म्हणून काकूंनीच त्याला पाठवलं होतं. त्याला तीस मोजायचं ठाऊक नव्हतं. तो साठ मोजत होता. पोंपोंकाका आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला वारले. रविवार होता, शाळेला सुट्टी होती.