बरोब्बर सहा किलो

प्रसेनजित सर खामगावच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतात. पन्नाशीच्या तोंडावर त्यांनी सातपुड्याच्या जंगलात तीन दिवस राहायच्या शिबिरात नाव घातलं. आपलं आपणच निभवायचं आणि बॅग सहा किलोंच्या वर नको, अशी अट होती. सरांनी दोरी, विळा आणि ताडपत्री भरून बॅग काट्यावर ठेवली. बरोब्बर सहा!

"आता हिले कोणी हात लावू नका," असं बजावून ते दाढी करायला गेले.

"जंगलात खाईन काय हा?" आई पंचफुलाबाईंनी बॅगेत दहा भाकरी आणि ठेच्याची बरणी कोंबली. वजन वाढलं. पोराची अट मोडायला नको म्हणून त्यांनी दोरी आणि विळा काढून घेतला. त्या स्वयंपाकघरात गेल्यावर धम्मशीलाबाई आल्या. नवऱ्याला थंडी सोसत नाही, म्हणून त्यांनी वरून गोधडी घातली आणि तेवढ्याच वजनाची ताडपत्री काढली.

निघताना सरांनी पुन्हा वजन केलं. सहाच. "याले म्हणतात शिस्त!" ते म्हणाले. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं.

जंगलात जीपगाड्यांच्या टपांवरून बॅगा उतरल्या. शिबिरप्रमुख हरिओम म्हणाला, "सर, विळा काढा."

सरांनी हात घातला. गोधडी निघाली. मग भाकरी. मग बरणी.

"हे माह्यं नाही," सर गोंधळून म्हणाले. "मी दोनदा वजन केलं हो! कोणाची तरी बॅग बदलली."

बावीस जणांना विचारलं. बॅग कुणाचीच नव्हती.

"म्हणजे सर, तुमच्यापाशी काहीच नाही?"

"काहीच नाही."

"वा! इतकं हलकं कोणीच नाही आलं आजवर!" टाळ्या पडल्या. बेवारस भाकरी वाया जाऊ नयेत म्हणून सगळ्यांत वाटल्या गेल्या. पहिल्याच घासाला सरांचे कान तापले. ही आईच्या हाताची चव होती. त्यांनी तोंड उघडलं, पण हरिओम वहीत पहिल्या क्रमांकापुढे त्यांचंच नाव लिहीत होता. त्यांनी तोंड मिटलं. तीन दिवस ते पाचोळ्यावर झोपले. गोधडीवर हरिओम.

घरी आले तेव्हा हातात फक्त प्रमाणपत्र होतं.

"काऊन रे, भाकरी पुरल्या काय?" आईने विचारलं.

सरांनी एकदा आईकडे, एकदा प्रमाणपत्राकडे पाहिलं. "हाव. सगळ्यायले पुरल्या."

"अन् गोधडी कुठी हाये?" धम्मशीलाबाई म्हणाल्या.

"तिचा मालक सापडून नाही राह्यला."